बुटांच्या खोक्यात निघालेलं १९५८ साल

वाचकाचं पत्र: नाशिकहून हॅमिल्टनला (ऑन्टारियो) येऊन आम्हाला चार वर्षं झाली. मागच्या शनिवारी शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये बुटांचा एक जुना खोका ४० डॉलरला घेतला. आत कॅनडियन फुटबॉलच्या (अमेरिकी फुटबॉलच्या जवळचा, लांबट चेंडूचा खेळ) खेळाडूंची १६० कार्डं निघाली. ७५ कार्डांच्या पाठीवर नाण्याने घासायची जागा आहे. दुबार वगळली तर वेगवेगळे क्रमांक ६१. ३८ कार्डं कात्रीने कापलेली, खाकी पुठ्ठ्याची. १२ जोडकार्डं, मध्ये टपाल तिकिटांसारखी भोकं. उरलेली ३५ लालभडक काठाची, मागे इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर. काही गठ्ठ्यांना रबर बँड आहेत, काही कार्डांवर मेणाचा थर दिसतो. नाण्याच्या गठ्ठ्यात मॉन्ट्रियलचा एकही खेळाडू नाही, कुणी काढून घेतले असतील का? कार्डं साफ करू का? ग्रेडिंगला (कंपनीकडून कार्डाचा दर्जा ठरवून घ्यायला) पाठवू, विकू, की संच पुरा करू? दीड वर्षाने आम्ही नाशिकला परतणार आहोत. – एक वाचक

नमस्कार.

आधी रबर बँडचं बघा. ते ओढून काढू नका. जुना रबर कार्डाच्या कडेला चिकटलेला असतो आणि ओढला की कागदाचा पापुद्रा घेऊन येतो. कात्रीने मधोमध कापा, सुटा झालेला भाग अलगद उचला. जिथे चिकटलेलाच राहील तिथे तसाच राहू द्या. त्यानंतर एकाही कार्डावर खोडरबर, ओला बोळा किंवा इस्त्री चालवायची नाही. घरात कुणाला टापटिपीची फार आवड असेल तर खोका आजच वरच्या कप्प्यात ठेवा.

आता मॉन्ट्रियल. कुणी काही काढून घेतलेलं नाही. तुमच्या वर्णनावरून तो गठ्ठा टॉप्स या अमेरिकी कार्ड-कंपनीच्या १९५८ च्या संचाचा आहे. कॅनडियन फुटबॉलसाठी टॉप्सने काढलेला तो पहिला संच, ८८ कार्डांचा. कॅनडियन फुटबॉल लीगही त्या नावाने १९५८ मध्येच उभी राहिली. लीगमध्ये नऊ संघ होते आणि या संचात आठच आले. मॉन्ट्रियल अलूएट्स वगळलेले. त्यामुळे सॅम एचेव्हेरीसारखा मॉन्ट्रियलचा मोठा क्वार्टरबॅक या संचात शोधत बसलात तर आयुष्य जाईल. तुमच्याकडे ८८ पैकी ६१ आहेत, म्हणजे २७ बाकी. गराज सेलच्या खोक्यासाठी ही चांगलीच मजल आहे.

पण ते ६१ क्रमांक सगळे कॅनडियनच आहेत ना, हे तपासा. त्याच वर्षी टॉप्सने एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेच्या फुटबॉल लीगचा, १३२ कार्डांचा संच काढला होता. दोन्हींची घडण इतकी सारखी आहे की जुन्या खोक्यांत ती हमखास मिसळलेली सापडतात. क्रमांक ८८ च्या वर असेल तर ते कार्ड अमेरिकेचं, हे लगेच कळतं. ८८ च्या आतल्या कार्डांवर संघाचं नाव वाचा. त्यातही ६२ क्रमांकाचं कार्ड क्लीव्हलंड ब्राउन्सच्या जिम ब्राउनचं निघालं तर ते वेगळं काढा, कारण ते त्याचं रुकी, म्हणजे पहिलं, कार्ड आहे. मात्र त्याच्या नव्या छपाईच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा लगेच पेढे वाटू नका. दुसरा घोळ नावांचा. ओटावाचा संघ ‘रफ रायडर्स’, सस्कॅचवनचा ‘रफरायडर्स’. एकात दोन शब्द, दुसऱ्यात एक. यादी करताना नुसतं ‘रायडर्स’ लिहिलंत तर पुढे स्वतःलाच उलगडणार नाही, शहराचं नाव लिहा. आणि एडमंटनचा संघ २०२१ पासून ‘एल्क्स’ असला तरी जुन्या कार्डांच्या जाहिराती ‘एस्किमोज’ या तेव्हाच्या नावाखालीच असतात. शोधताना तेच टाकावं लागतं.

या संचाचं खरं दुखणं त्याच्या पाठीवर आहे. प्रश्नाचं उत्तर बघायला नाण्याने घासायचं, अशी ती गंमत होती. पाच सेंटच्या पुडीतून कार्ड निघालं की पोरं पहिल्यांदा तेच करत. त्यामुळे समोरून स्वच्छ दिसणाऱ्या कार्डाची पाठ राखाडी रेघोट्यांनी भरलेली असते. न घासलेली पाठ जास्त भाव खाते. तुमच्या १४ दुबार कार्डांमध्ये एक घासलेलं आणि एक न घासलेलं अशी जोडी असेल, तर समोरचा कोपरा किंचित मऊ असला तरी न घासलेलं ठेवा आणि दुसरं अदलाबदलीला काढा. विकत घेताना पाठीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. १९५८ च्या कार्डाची नुसती दर्शनी बाजू दाखवणारा विक्रेता बहुधा काहीतरी झाकत असतो.

लाल काठाची ३५ कार्डं १९७१ च्या ओ-पी-ची संचाची आहेत. ओ-पी-ची ही ऑन्टारियोमधल्याच लंडनची कंपनी होती. १३२ कार्डांच्या या संचात शेवटचा क्रमांक चेकलिस्टचा (संचाच्या यादीचा) आहे. ३५ मध्ये जो थाइसमन आहे का ते आधी बघा. वॉशिंग्टनकडून एनएफएलमध्ये गाजण्याआधी तो टोरोंटो आर्गोनॉट्सकडून खेळला. टॉप्सच्या एनएफएल संचात तो १९७५ मध्ये आला. हे कार्ड त्याच्या चार वर्षं आधीचं. म्हणून कॅनडियन फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेले अमेरिकी गिऱ्हाईकही ते घेतात. १९७२ च्या संचातही तो आहे, पण लाल काठ १९७१ चे.

लाल काठाची गोम अशी की शाई जरा खरवडली तरी खालचा पांढरा पुठ्ठा डोळ्यांत भरतो. मग कुणीतरी लाल मार्कर घेऊन ‘डागडुजी’ करतं. कार्ड डोळ्यांच्या रेषेत आडवं धरा आणि चारी कडांची जाडी बघा. छापलेली शाई पृष्ठभागावरच थांबते. मार्करची शाई कडेवरून खाली उतरून पुठ्ठ्यात शोषली जाते. दहापट भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, मार्करचा लाल सपाट दिसतो. रंगवलेलं कार्ड ‘फेरफार केलेलं’ ठरतं आणि त्याला अंकांतला ग्रेड मिळत नाही. जिथे शाई उडाली असेल तिथे पांढरंच राहू द्या. उडालेला काठ हे नुसतं वय झालं, मार्कर ही लबाडी झाली.

कात्रीने कापलेली खाकी कार्डं ‘पोस्ट’ नावाच्या कंपनीच्या सीरिअलच्या खोक्यांमागची असणार. त्यांचे दोन संच: १९६२ चा १३७ कार्डांचा आणि १९६३ चा १६० चा. क्रमांक १३७ च्या वर असेल तर वर्ष १९६३, यात वादच नाही. त्याखालच्यांसाठी त्याच क्रमांकाच्या दोन्ही वर्षांच्या कार्डांचे फोटो शेजारी ठेवून खेळाडूचं नाव पडताळा. १९६२ च्या काही कार्डांची पाठ नेहमीच्या खाकीऐवजी पांढरी असते. कमी छापलेल्या कित्येक कार्डांच्या पाठी तशा आहेत, म्हणून पांढरी पाठ दिसली की कार्ड बाजूला काढा. ही कार्डं मुलांनी स्वयंपाकघरात बसून कापलेली, त्यामुळे मापं एकसारखी नसतात आणि तो दोष धरत नाहीत. बघायची ती चौकटीची रेघ. चारी बाजूंनी दिसत असेल तर ग्रेडिंग कंपनी अंक देऊ शकते. एका बाजूनेही कापली गेली असेल तर फार तर ‘अस्सल’ एवढाच शेरा मिळतो. वाकडं कापलेलं कार्ड ‘नीट करायला’ कात्री घेतली की उरलेली रेघही जाते.

भोकांची जोडकार्डं १९६२ च्या टॉप्सची आहेत: १६९ क्रमांकांचा संच, दोन-दोन छोटी कार्डं एकमेकांना जोडलेली. ती तोडू नका. साठ वर्षं भोकांवर घडी पडून तो भाग कमजोर झालेला असतो, वहीच्या पानात सरकवताना आपोआप फाटतो. प्रत्येक जोडी टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या ताठ प्लास्टिकच्या आवरणात, ठेवा.

मेणाचा प्रश्न पुड्यांमुळे आला. बबलगमसोबतची कार्डं मेणकागदात गुंडाळून पुडीची मागची बाजू गरम करून चिकटवत, आणि तिथलं कार्ड मेण पिऊन घेई. दर्शनी बाजूच्या गुळगुळीत थरावर मेण असेल तर जुने संग्राहक स्वच्छ नायलॉनच्या पायमोज्याने, दाब न देता, एकाच दिशेने पुसतात. करून बघायचं असेल तर दुबार, घडी पडलेल्या कार्डावर बघा. पाठीवरचं मेण कच्च्या पुठ्ठ्यात मुरलेलं असतं, ते निघत नाही. उष्णता दिलीत तर आणखी पसरतं. बबलगमचे तपकिरी डागही तसेच कायमचे. पेन्सिलच्या खुणा खोडल्या तर शिसं जातं, पण दाबाची चर राहते आणि तिच्याभोवती चकाकी गेलेला पट्टा उमटतो. म्हणजे एका दोषाचे दोन होतात.

आता प्रत्येक कार्ड तपासून एका तक्त्यात भरा. क्रमांक, नाव, शहर, पाठ घासलेली आहे का, मेण, घडी, लिखाण, सेंटरिंग (चित्र कार्डाच्या किती मधोमध आहे) असे रकाने पुरेत. घडी शोधायला खोलीतला दिवा मालवा आणि टेबललॅम्प जवळजवळ आडवा करून कार्ड त्याच्या प्रकाशात फिरवा. समोरून न दिसणारी बारीक सुरकुतीही सावली टाकते. सेंटरिंग मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. डावीकडचा काठ २ मिमी आणि उजवीकडचा ४ मिमी असेल तर बेरीज ६, म्हणजे प्रमाण ३३ आणि ६७. पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीच्या मोजपट्टीत (१० सगळ्यांत वरचा) ८ ग्रेडसाठी समोरची मर्यादा साधारण ६५/३५ आणि ७ साठी ७०/३०. म्हणजे हे कार्ड कोपऱ्यांनी कितीही कुरकुरीत असलं तरी ७ वर अडकणार.

प्रमाण माप ६३.५ बाय ८९ मिमी. कमी भरलं म्हणजे कुणी कातरलंच, असं धरू नका, कारखान्यातही थोडा फरक पडत असे. त्याच संचातली पाचसहा साधी कार्डं घेऊन गठ्ठा उभा ठोका. एखादं बसकं दिसलं आणि त्याची कडा इतरांपेक्षा गुळगुळीत, धारदार वाटली, तर संशय घ्या. ओ-पी-चीच्या कडा मुळातच खरबरीत, तंतू निघालेल्या असतात, आणि अशा कार्डाची अगदी तुळतुळीत कडा ही शाबासकीची गोष्ट नव्हे. यूव्ही टॉर्चही अशीच तुलनेने वापरायची. कागद उजळ करणारी रसायनं पन्नासच्या दशकात वापरात येतच होती, म्हणून ‘चमकलं म्हणजे नकली’ हा सरधोपट नियम इथे चालत नाही. खात्रीच्या साध्या कार्डाशेजारी संशयित कार्ड धरा. एकच निळसर पेटलं आणि बाकीची मंद राहिली तर काहीतरी गडबड आहे.

ग्रेडिंगबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: १६० पैकी फार तर तीनचार कार्डं त्या लायकीची असतील, आणि तीही कदाचितच. हिशेब असा करा. ग्रेडिंग शुल्क, जायचं-यायचं टपाल आणि विमा मिळून एका कार्डावर किती खर्च पडतो ते काढा. मग तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतो त्याच्या एक खालच्या ग्रेडचं कार्ड आणि तेच सुटं कार्ड यांच्या विकल्या गेलेल्या किमतींतला फरक काढा. फरक खर्चाच्या दुप्पट असेल तरच पाठवा. समजा खर्च ४० डॉलर आणि फरक ५५, तर सोडून द्या. ग्रेड आणखी एकाने घसरला की पदरचे पैसे गेले. एक खालचा ग्रेड धरायचं कारण एवढंच की आपल्या कार्डाकडे बघताना सगळ्यांचीच नजर थोडी मायाळू होते. कॅनडात केएसए ही ग्रेडिंग कंपनी आहे, तिथे पार्सल सीमा ओलांडत नाही. पण अमेरिकी गिऱ्हाइकाला विकायचं कार्ड, म्हणजे थाइसमन किंवा निघालाच तर जिम ब्राउन, पीएसए किंवा एसजीसी या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद डबीत जास्त ओळखीचं वाटतं. पाठवताना मऊ स्लीव्ह आणि त्यावर अर्धताठ होल्डर वापरा. टॉपलोडरमधून कार्ड बाहेर काढतानाच कोपरे दुमडतात, म्हणून या कंपन्यांना ते नको असतात.

विकायचं की पुरं करायचं? १९५८ पुरा करा, बाकीचं त्यासाठी भांडवल समजा. हाताशी दीड वर्ष आहे आणि संच ७० टक्क्यांच्या जवळ आलेला आहे. उरलेल्या २७ मध्ये कुकी गिल्क्रिस्ट असेल तर तो पहिल्यांदा घ्या. हॅमिल्टनकडूनही खेळलेला हा फुलबॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) पुढे बफेलो बिल्सकडून अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये १९६२ आणि १९६४ मध्ये चेंडू घेऊन धावत कापलेल्या यार्डांत अव्वल होता. हे त्याचं पहिलं कार्ड आणि संचातलं सगळ्यांत मागणीचं. (कॅनडियन फुटबॉल हॉल ऑफ फेमने देऊ केलेला मान त्याने नाकारला. ते संग्रहालय तुमच्याच हॅमिल्टनमध्ये आहे.) ‘महाग ते शेवटी घेऊ’ म्हणणाऱ्यांचे संच ८७ वर येऊन वर्षानुवर्षं खोळंबतात.

साधी कार्डं एकेक घेऊ नका, टपालखर्चच कार्डापेक्षा जास्त होतो. वीसतीस कार्डांचा मिश्र लॉट (एकत्र विकला जाणारा गठ्ठा) बघा, त्यात तुम्हाला हवी सातआठ निघाली तरी उरलेली पुन्हा अदलाबदलीला कामी येतात. टोरोंटो परिसरात वसंतात आणि शरदात असा वर्षातून दोनदा मोठा कार्ड-मेळा भरतो. २७ क्रमांकांची यादी खिशात ठेवून जा. हॉकीच्या झगमगत्या टेबलांवर वेळ न घालवता, पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यांत सुटी कार्डं मांडून बसलेले विक्रेते गाठा. शेवटच्या दिवशी दुपारी भाव बरेच खाली येतात, सामान परत गाडीत भरायचा कुणालाच हुरूप नसतो.

किंमत ठरवताना मागितलेली नव्हे, विकली गेलेली किंमत बघा. ईबेवर तशी चाळणी लावता येते. कॅनडियन फुटबॉलचा बाजार लहान आहे. एखाद्या कार्डाची वर्षात दोनचारच विक्री होते, तेव्हा एका विक्रीवर भरवसा ठेवू नका. आकडा अमेरिकी डॉलरमध्ये आहे की कॅनडियन, तेही वाचा, याच एका चुकीमुळे लोक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे मोजून बसतात. आणि ज्या खेळाडूचं नाव पुढे अमेरिकेत झालं त्याचा भाव चढा असतो, कॅनडातच राहिलेल्या थोरांचा त्या मानाने बेताचा. एडमंटनचा जॅकी पार्कर, ओटावाचा रस जॅक्सन ही इथल्या फुटबॉलची दैवतं, पण सीमेपलीकडे त्यांना विचारणारे थोडे. आमच्या लेखी ही खरेदीदाराची चांदी आहे.

साठवणीसाठी पॉलिप्रॉपिलीनची नऊ खणांची पानं घ्या. पीव्हीसीची नकोत, त्यातून निघणारा तेलकट अंश छपाईला चिकटतो, आणि प्लास्टिकचा तीव्र वास हीच त्याची ओळख. ८८ कार्डांना १० पानं लागतात, दोन खण रिकामे राहतात. प्रत्येक कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये घाला. वही डी-आकाराच्या कड्यांची हवी आणि उभी ठेवायची. गोल कड्यांत आतल्या रांगेतली कार्डं वाकतात. पुढेमागे याहून जुनी कार्डं घेतलीत तर मापं वेगळी पडतील. १९५२ चं पार्कहर्स्ट जेमतेम ४८ बाय ७० मिमी, नऊ खणांत ते घरंगळतं आणि कोपरे घासतात. १९५४ चं ब्लू रिबन चहाचं कार्ड सुमारे १०२ मिमी उंच, साध्या टॉपलोडरच्या बाहेर डोकं काढतं; त्याला हॉकीवाले वापरतात ते ‘टॉलबॉय’ मापाचं आवरण घ्यावं लागतं.

नाशिकला जाताना कार्डं केबिनच्या बॅगेत न्या, खरेदीच्या पावत्यांची प्रत सोबत ठेवा. क्ष-किरणांनी कार्डांना काही होत नाही, चेक-इनच्या बॅगेची आदळआपट मात्र सोसत नाही. घरी पोचल्यावर खरा शत्रू जून ते सप्टेंबर. वही झाकणाला रबरी पट्टी असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. आत छोटा आर्द्रतामापक आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, साधारण ५० ग्रॅम, कार्डांना न टेकता. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. ३० च्या खाली गेला की पुठ्ठा कोरडा पडून कार्डं धनुष्यासारखी वळतात, मग अर्ध्या पुड्या काढून घ्या. डबा माळ्यावर नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकायचा मोह होईल, पण त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते आणि आवरण कार्डाला चिकटतं. दर महिन्याला डबा उघडून बघितलात की कसरही कळते आणि सिलिकाचा रंगही.

२७ क्रमांकांची यादी पाठवलीत तर त्यातले कोणते लॉटमध्ये सहज मिळतात आणि कोणत्यांसाठी थांबावं लागेल, ते पुढच्या पत्रात सांगू. यादीत मॉन्ट्रियल लिहू नका म्हणजे झालं.